वाचकांचे प्रश्न: चालवून पाहिलं तर कळेलच की!

मागच्या अंकात या सदरात एक वाक्य होतं: 'कोणताही प्रोग्रॅम आणि त्याचं इनपुट हाती दिलं, तर तो कधीतरी थांबेल की अखंड चालत राहील, हे दर वेळी बरोबर सांगणारा एकच एक प्रोग्रॅम लिहिता येत नाही.' यालाच हॉल्टिंग प्रॉब्लेम म्हणतात. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: प्रोग्रॅम चालवून बघायला, म्हणजे त्याचं सिम्युलेशन करायला, कोणी अडवलंय? म्हणून हे सदर सगळं त्यालाच दिलं आहे. थांबेल की नाही हे सांगू पाहणाऱ्या प्रोग्रॅमला आम्ही 'पारखी' म्हणतो. त्याला खोटा पाडायला लिहिलेला तो 'उलटा'. पारखीच्या कंसात आधी प्रोग्रॅम, मग त्याला द्यायचं इनपुट; 'प' म्हणजे कोणताही प्रोग्रॅम, आणि इथे तोच स्वतःचं इनपुटही. त्याच्या ओळी दोनच:

उलटा(प):
१. पारखी(प, प) 'थांबेल' म्हणाला, तर अखंड फिरत राहा.
२. 'थांबणार नाही' म्हणाला, तर लगेच थांब.

आता पारखी(उलटा, उलटा) विचारा. पारखी 'थांबेल' म्हणाला तर उलटा फिरत बसतो, 'थांबणार नाही' म्हणाला तर उलटा थांबतो; दोन्ही उत्तरं खोटी. पाठ्यपुस्तकातला युक्तिवाद एवढाच आहे.

प्रश्न (नाशिकहून एक सॉफ्टवेअर इंजिनिअर): माझा पारखी आतला प्रोग्रॅम एकेक सूचना करत चालवतो आणि प्रत्येक पावलाची नोंद ठेवतो. उलटा(उलटा) चालवला की तो पुन्हा पारखी(उलटा, उलटा) ला हाक मारतो, तो पुन्हा उलटा चालवतो, असं चालू राहतं. तीच हाक, तीच आर्ग्युमेंट्स (हाकेबरोबर दिलेली माहिती) दुसऱ्यांदा दिसली की माझा पारखी सिम्युलेशन तोडतो आणि 'थांबणार नाही' असं सांगतो. सिम्युलेशनमधला उलटा ओळ १ किंवा २ पर्यंत पोचतच नाही. मग माझं उत्तर चूक कसं?

उत्तर: आधी एक करून बघा. उलटा(उलटा) थेट चालवा, कोणाच्याही सिम्युलेशनमध्ये न घालता. तो पारखीला विचारेल, पारखी थोडा वेळ घेऊन 'थांबणार नाही' म्हणेल, उलटा ओळ २ वर येईल आणि थांबेल. स्क्रीनवर प्रॉम्प्ट परत येईल. पारखीला प्रश्न विचारला होता तो याच रनबद्दल, आणि हा रन थांबला.

मग सिम्युलेशनमधला उलटा शेवटपर्यंत का गेला नाही? कारण तुम्ही त्याला मध्येच सोडून दिलं. हे आकड्यांत पाहिलं की डोळ्यांपुढे येतं. पारखीचं साधं रूप घ्या: १,००० पावलं चालवून बघायचं, तोवर थांबला नाही तर 'थांबणार नाही' म्हणायचं. आतल्या एका पावलासाठी पारखीला स्वतःची १० पावलं खर्च होतात असं धरू (सूचना वाचा, उलगडा, रजिस्टर बदला, नोंद करा, मोजणी वाढवा, वगैरे). उलटा(उलटा) थेट चालवला की:

सर्वांत बाहेरचा पारखी १,००० पावलं सिम्युलेट करतो, म्हणजे स्वतःची सुमारे १०,००० पावलं चालतो. त्या १,००० पावलांत आतला पारखी जेमतेम १०० पावलं सिम्युलेट करून झालेला असतो. त्याच्या आतला १०. त्याच्याही आतला १. बस. अनंत रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच न संपणाऱ्या हाका, म्हणून ज्याची भीती घातली जाते, ते प्रत्यक्षात इतकंच खोल जातं. बाहेरच्याचं बजेट संपतं, तो 'थांबणार नाही' म्हणतो आणि उलटा १०,००० च्या थोडं पुढे कुठेतरी थांबतो. पारखीने पाहिली १,००० पावलं, उलटाला लागली १०,००० हून थोडी जास्त. बजेट १ लाख केलंत, तर उलटाला १० लाखांहून थोडी जास्त लागतील. उलटा तुमच्याच बजेटवर बेतलेला असतो, त्यामुळे बजेट वाढवून त्याला कधीच गाठता येत नाही.

तुमचा पारखी पावलं मोजत नाही, तो पुनरावृत्ती शोधतो. तिथे घोळ जरा खोलवर आहे. 'तीच हाक त्याच आर्ग्युमेंट्सनी पुन्हा आली म्हणजे अनंत रिकर्शन' हा नियम खरा ठरायला दोन अटी लागतात. पहिली अट अशी की फंक्शन फक्त आर्ग्युमेंट्सवर अवलंबून हवं, ग्लोबल किंवा स्टॅटिक व्हेरिएबलवर, म्हणजे हाक संपली तरी किंमत टिकवणाऱ्या जागेवर, नको. दुसरी अट, पहिल्या हाकेपासून दुसऱ्या हाकेपर्यंतच्या वाटेत बाहेर पडायचा कोणताही 'जर' नको. तुमच्या रनमध्ये त्या वाटेवर खुद्द पारखीचा कोड आहे, आणि त्यात ठळक 'जर' आहे: 'हाक पुन्हा दिसली तर तोडा आणि परत जा'. आतला पारखीही तोच कोड आहे, त्यालाही पुरेसा वेळ मिळाला तर तोही तोडणार. बरेच जण नोंद करताना पारखीचा स्वतःचा भाग वगळतात, 'तो आपलाच, त्यात काय बघायचं' म्हणून. नेमकी बाहेर पडायची वाट तिथेच असते आणि तीच नोंदीतून गायब होते.

आणखी एक तपासून बघा: नोंद ठेवायची जागा स्टॅटिक आहे का? असेल तर आतल्या पारखीला बाहेरच्याची नोंद दिसते आणि तो पहिल्याच हाकेला तोडतो किंवा अजिबात तोडत नाही. मग आतला आणि बाहेरचा एकसारखे वागत नाहीत, म्हणजे ते एकच फंक्शन राहिलेलं नाही. आतला पारखी स्वच्छ मेमरीच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा, की हे पाच मिनिटांत उघडं पडतं.

शेवटची खात्री: एक निमूट सिम्युलेटर लिहा, जो कधीच काही तोडत नाही आणि काही मतही देत नाही. गणितज्ञ ट्युरिंगच्या युनिव्हर्सल मशीनचं, म्हणजे कोणतंही यंत्र जसंच्या तसं चालवून दाखवणाऱ्या यंत्राचं, काम एवढंच. त्याला तुमचा उलटा द्या, पोटातल्या तुमच्या पारखीसकट, एक अक्षर न बदलता. तो चालत चालत ओळ २ वर जाऊन थांबलेला दिसेल.

प्रश्न (तेच वाचक, दुसऱ्या पत्रात): पण मी तोडलं नसतं, तर सिम्युलेशन अखंड चाललं असतं, हे तर खरं? मग 'न तोडल्यास थांबणार नाही' हे बरोबरच वर्णन आहे.

उत्तर: 'तोडलं नसतं तर' म्हणताना तुम्ही पारखी बदलता, आणि पारखी उलटाच्या पोटात आहे. म्हणजे उलटाही बदलला. आता दोन जोड्या झाल्या. न तोडणारा पारखी-१ आणि त्याच्यावर बांधलेला उलटा-१: हा खरोखरच अखंड चालतो, पण पारखी-१ सुद्धा कधी उत्तर देत नाही. तोडणारा पारखी-२ आणि त्याच्यावर बांधलेला उलटा-२: हा थांबतो. पारखी-२ ला विचारलं उलटा-२ बद्दल, त्याने वर्णन केलं उलटा-१ चं. शेजाऱ्याच्या मीटरचं रीडिंग आपल्या बिलात लावण्यासारखं आहे हे. रीडिंग अचूक असेल, मीटर दुसऱ्याचा आहे.

यावर पुढची पळवाट सहसा अशी असते की पारखीने उलटाच्या पोटातली स्वतःची नक्कल ओळखावी. दोन अडचणी आहेत. नक्कल करणारा व्हेरिएबलची नावं बदलेल, मध्ये निरुपयोगी सूचना पेरेल, फंक्शन दुसऱ्या भाषेत लिहून त्याचा इंटरप्रिटर (ती भाषा चालवणारा प्रोग्रॅम) सोबत जोडेल. दोन प्रोग्रॅम एकच काम करतात का, हा प्रश्नही सर्वसाधारणपणे सुटणारा नाही. हेन्री गॉर्डन राइस यांच्या १९५३ मधल्या प्रमेयाने प्रोग्रॅम काय काम करतो याबद्दलचे असे सगळेच प्रश्न एका फटक्यात न सुटणाऱ्यांत जमा केले. आणि नक्कल ओळखली असं समजा, मग सांगणार काय? शब्द दोनच आहेत आणि दोन्ही चुकणार. 'माहीत नाही' हा तिसरा शब्द मान्य केलात तर भांडण मिटतं, आणि तसा पारखी उपयोगीही असतो. पण मग तो सगळ्या प्रोग्रॅमसाठीचा पारखी राहत नाही.

पुस्तकांतल्या त्या चौकटी आणि बाणांच्या आकृतीवर आमचा जुना राग आहे. पारखी एका चौकटीत, उलटा दुसऱ्या चौकटीत, मधे बाण. त्यामुळे उलटाच्या पोटात पारखीचा सगळा कोड आहे, ही एकमेव महत्त्वाची गोष्ट दिसतच नाही, आणि वरच्यासारखे वाद तिथूनच सुरू होतात.

प्रश्न (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, सांगली): टीओसीच्या (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन) पेपरात ही सिद्धता लिहून मार्क मिळतात, पण मनाला पटत नाही. मुद्दाम उलटं वागणारा प्रोग्रॅम बांधायचा आणि मग अशक्य म्हणायचं, ही हातचलाखी वाटते. उलटं वागणं काढून टाकलं तर?

उत्तर: ही कुरकुर १९३६ मध्ये खुद्द अ‍ॅलन ट्युरिंगने ओळखली होती. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जसाठी लिहिलेल्या त्या निबंधात तो म्हणतो की उलटं करणारी सरळ सिद्धता अगदी निर्दोष आहे, पण 'यात काहीतरी गडबड असणार' अशी भावना वाचकाच्या मनात राहू शकते. म्हणून त्याने दुसरी सिद्धता दिली, आणि तिच्यात उलटं काहीच होत नाही. तिच्यात आहे ते सिम्युलेशन.

ट्युरिंगची यंत्रं ० आणि १ अंक छापत राहतात. जी अंक छापणं कधीच सोडत नाहीत ती चांगली, आणि ठरावीक अंकांनंतर अडकून पडतात ती वाईट. (त्याचा प्रश्न 'थांबेल का' असा नव्हता, 'छापत राहील का' असा होता, पण जातकुळी तीच.) प्रत्येक यंत्राचं वर्णन एका पूर्णांकात लिहिता येतं. आता चांगलं-वाईट ओळखणारा पारखी आहे असं धरा आणि एक यंत्र बांधा. ते १, २, ३ असे आकडे ओळीने घेतं. प्रत्येक आकडा पारखीकडे देतं. वाईट असेल तर पुढे जातं. चांगलं असेल, आणि आतापर्यंत सापडलेल्यांत ते आठवं असेल, तर त्याचं सिम्युलेशन करून त्याचा आठवा अंक काढतं आणि तोच जशाचा तसा छापतं. उलट करत नाही. नववं चांगलं यंत्र सापडलं की त्याचा नववा अंक. असं पुढे.

हे यंत्र चांगलं आहे का? प्रत्येक आकड्यावर पारखी ठरावीक वेळात उत्तर देतो, चांगल्या यंत्रांचे अंक सिम्युलेशनने मिळतात, आणि चांगली यंत्रं संपत नाहीत. म्हणजे चांगलंच असायला हवं. पण चालत चालत कधीतरी त्याच्या स्वतःच्या वर्णनाचा आकडा येतो. पारखी म्हणतो 'चांगलं'. समजा, ते यादीत ५०० वं निघालं. मग त्याला स्वतःचा ५०० वा अंक काढायचा आहे. त्यासाठी स्वतःला सुरुवातीपासून सिम्युलेट करायचं. पहिले ४९९ अंक बिनबोभाट येतात. पाचशेव्याला सूचना मिळते: 'तुझे पहिले ५०० अंक काढ आणि पाचशेवा छाप.' तिथे ते अडकतं आणि तो अंक कधीच छापला जात नाही. म्हणजे यंत्र वाईट ठरलं आणि पारखी खोटा पडला. पारखी 'वाईट' म्हणाला असता तर यंत्र स्वतःला ओलांडून पुढे गेलं असतं आणि चांगलं ठरलं असतं.

तेव्हा 'सिम्युलेशनचा विचार जुन्या सिद्धतेत झालाच नाही' असं कोणी म्हटलं, तर तो निबंध वाचायला द्यावा. तुम्हाला ठाऊक असलेल्या दोन ओळींच्या प्रोग्रॅमचं रूप मात्र बरंच नंतरचं आहे. संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टोफर स्ट्रेचीने १९६५ मध्ये द कॉम्प्युटर जर्नलला पाठवलेल्या छोट्याशा पत्रात ते दिसतं. ट्युरिंगने १९५३ मध्ये रेल्वेच्या डब्यात आपल्याला तोंडी सिद्धता सांगितली होती आणि आपण तिचे तपशील लगेच विसरलो, असं स्ट्रेचीने त्यातच लिहून टाकलं आहे.

प्रश्न (एक वाचक, कोल्हापूर): सिम्युलेशन मग निरुपयोगीच का?

उत्तर: छे. 'थांबेल' या बाजूला सिम्युलेशन शंभर टक्के खात्रीचं आहे. थांबणारा प्रोग्रॅम धीराने चालवला तर थांबताना सापडतोच. अडतं ते दुसऱ्या बाजूला: दहा वर्षं चालला, यावरून अकराव्या वर्षी थांबणार नाही असं म्हणता येत नाही.

थांबणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमची यादीसुद्धा सिम्युलेशनने छापता येते, फक्त क्रम नीट लावावा लागतो. पहिला प्रोग्रॅम संपेपर्यंत चालवून मग दुसरा घ्यायचा, असं केलंत की पहिला न थांबणारा भेटताच गाडी तिथेच रुतते. त्याऐवजी फेऱ्या करा. पहिल्या फेरीत फक्त पहिल्या प्रोग्रॅमचं एक पाऊल. दुसऱ्या फेरीत पहिल्याचं एक, दुसऱ्याचं एक. न व्या फेरीत पहिल्या न प्रोग्रॅमचं प्रत्येकी एक पाऊल. ४० व्या प्रोग्रॅमचं २५ वं पाऊल ६४ व्या फेरीत पडतं, आणि ती फेरी संपेतो एकूण पावलं होतात फक्त २,०८०. आधीच थांबलेल्यांची पावलं वाचतात ती वेगळीच. किंमत द्यावी लागते ती मेमरीत: चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची पूर्ण अवस्था जपून ठेवावी लागते.

न थांबणाऱ्यांची अशी यादी मात्र छापता येत नाही. येत असती, तर दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी चालवून, आपला प्रोग्रॅम कोणत्या यादीत आधी येतो ते बघून पारखी तयार झाला असता.

प्रश्न (निवृत्त गणित शिक्षक, रत्नागिरी): खऱ्या संगणकाची मेमरी मर्यादित असते. म्हणजे अवस्थाही मर्यादित. एखादी अवस्था पुन्हा आली की चक्र. मग तिथे तरी हॉल्टिंग प्रॉब्लेम सुटतो ना?

उत्तर: सर, तत्त्वतः सुटतो, यात वादच नाही. एकूण अवस्था मोजा, तितकी पावलं चालवा, थांबला नाही तर कुठलीतरी अवस्था दुसऱ्यांदा आलीच असणार, आणि यंत्र ठरावीक नियमाने चालतं म्हणून ते आता कायम फिरणार.

हिशेब मात्र करून बघावा. ८ जीबी मेमरी म्हणजे २ चा ३६ वा घात इतके बिट, अर्थात ६८,७१,९४,७६,७३६. अवस्था झाल्या २ चा तितकावा घात. ही संख्या नुसती लिहायला २,०६८ कोटींहून जास्त अंक लागतील. बरं, छोटं यंत्र घेऊ: फक्त ६४ बाइट रॅमचा मायक्रोकंट्रोलर (छोट्या उपकरणांतली संगणक-चिप). तिथेही ५१२ बिट होतात आणि अवस्थांची संख्या १५५ अंकी. म्हणजे मेमरी मर्यादित आहे हा दिलासा कागदावरच राहतो.

सगळ्या अवस्था मोजत बसायची गरज नसते, हेही खरं. चक्र लवकर पकडायची साधी पद्धत अशी: प्रोग्रॅमच्या दोन प्रती घ्या, एक दर वेळी एक पाऊल टाकते, दुसरी दोन. दोघींची पूर्ण अवस्था जुळली की चक्र सापडलं. याहून स्वस्त पद्धत म्हणजे १, २, ४, ८, १६ अशा दुपटीच्या पावलांवर अवस्थेची एक प्रत जपायची आणि पुढच्या प्रत्येक अवस्थेशी ताडून बघायची. प्रत एकच लागते आणि प्रोग्रॅमही एकदाच चालतो. यात फसगत होते ती 'पूर्ण अवस्था' ठरवताना. घड्याळ, नेटवर्कवरून येणारा डेटा, रँडम आकडे यांतलं काहीही बाहेर राहिलं, तर अवस्था जुळूनही पुढचा रन वेगळा जाऊ शकतो. आणि उलट बाजूला, एखादा निव्वळ वाढत जाणारा काउंटर आत आला की अवस्था जुळतच नाही.

याचा एक नमुना नवशिक्यांच्या कोडमध्ये हमखास सापडतो. क्ष = ०.० पासून सुरू करायचं, क्ष १.० च्या बरोबर होईपर्यंत ०.१ मिळवत जायचं. डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे ६४ बिटांत साठवलेल्या अपूर्णांकांत, दहा वेळा ०.१ मिळवल्यावर येतात ०.९९९९९९९९९९९९९९९९. पुढचं पाऊल १.० ओलांडून जातं आणि लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा भाग) चालत राहतो तो राहतोच. मग अवस्था पुन्हा येते का? येते. क्ष वाढत वाढत २ च्या ५० व्या घातापाशी, म्हणजे ११ च्या पुढे १४ शून्यं अशा आसपास पोचला की तिथे शेजारच्या दोन आकड्यांतलं अंतर ०.२५ असतं. ०.१ मिळवून निकाल पुन्हा तोच आकडा गोल होतो. क्ष गोठतो आणि चक्र सापडतं. पण तिथवर जायला सुमारे १० चा १६ वा घात इतकी पावलं लागतात, सेकंदाला १०० कोटी बेरजा धरल्या तरी जवळजवळ चार महिने. तेच डोक्याने विचार केला तर अर्ध्या मिनिटात कळतं.

प्रश्न (पुण्यातला एक प्रोग्रॅमर): बिझी बीव्हरचा पाच स्टेटचा आकडा सिद्ध झाल्याचं वाचलं. त्यासाठी प्रत्येक यंत्र थांबतं का हे ठरवावं लागलं असणार. मग अशक्य गोष्ट शक्य कशी झाली?

उत्तर: अशक्य आहे ती सगळ्यांना पुरणारी एकच पद्धत. ठरावीक यंत्रांच्या ढिगाऱ्यावर हवे तितके वेगवेगळे उपाय करायला मोकळीक आहे. इथली यंत्रं ट्युरिंगची: टेपवर चिन्हं वाचत-लिहीत सरकणारी, आणि 'स्टेट' म्हणजे यंत्राच्या आतल्या ठरावीक स्थिती. टिबोर राडो यांनी १९६२ मध्ये मांडलेला बिझी बीव्हरचा प्रश्न असा: कोऱ्या टेपवर सुरू होऊन अखेर थांबणाऱ्या न स्टेटच्या यंत्रांपैकी सर्वांत जास्त चालणारं किती पावलं चालतं? उत्तरं अनुक्रमे १, ६, २१, १०७. पाच स्टेटसाठी हायनर मार्क्सन आणि युर्गन बुंट्रॉक यांनी १९८९ मध्ये ४,७१,७६,८७० पावलं चालून थांबणारं यंत्र शोधलं. याहून जास्त चालणारं नाही, हे सिद्ध व्हायला २०२४ उजाडलं.

पाच स्टेटची, दोन चिन्हांची यंत्रं २१ चा १० वा घात इतकी, म्हणजे १६ लाख कोटींहून जास्त. एकसारखी वागणारी गाळली की १८ कोटींच्या थोडी वर उरतात. थांबणारी चालवून सापडतात, कष्ट असतात ते न थांबणाऱ्यांचे. काही सरळ चक्रात जातात. काहींची आकृती तीच राहते, फक्त टेपवर सरकत जाते. काहींसाठी शेवटाकडून मागे तर्क करावा लागतो: थांबायच्या स्थितीच्या आधी टेप कशी असू शकली असती, त्याच्याही आधी कशी, असं मागे जात विरोधाभासाला पोचायचं. अखेर सगळी सिद्धता कॉक या प्रूफ असिस्टंटमध्ये, म्हणजे सिद्धतेची पायरी न पायरी तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तपासली गेली.

नुसतं चालवत बसण्याची मर्यादा बघायची असेल तर यातलं 'स्केलेट-१' नावाचं यंत्र बघा. तेही शेवटी सरकत्या चक्रातच जातं, पण त्याच्या आधी १० च्या ५१ व्या घाताहून जास्त पावलं जातात आणि त्या चक्राची एक फेरी ८४६ कोटींहून जास्त पावलांची आहे. पावलागणिक सिम्युलेशनने हे कोणाला कधी दिसलं नसतं. टेपवरचे पुनरावृत्त तुकडे ओळखून एकदम उड्या मारणारा सिम्युलेटर लागतो.

सहा स्टेटला गाडी गणितात अडते. 'अँटिहायड्रा' या यंत्राचं काम कागदावर करता येतं. ८ पासून सुरू करा, खात्यात शून्य. आकडा सम असेल तर खात्यात २ जमा, विषम असेल तर १ वजा. मग आकड्याची दीडपट करा, अपूर्णांक टाका. खातं उणे झालं की यंत्र थांबतं. ८, १२, १८, २७, ४०, ६०, ९०, १३५, २०२. खात्यात पहिल्या तीन समांमुळे ६, २७ मुळे ५, मग ७, ९, ११, १३५ मुळे १०, २०२ मुळे १२. सम-विषम साधारण सारखेच येत राहिले तर दर पावलाला सरासरी अर्धा जमा होतो, म्हणून हे कधी थांबेल असं कोणालाच वाटत नाही. पण ते 'साधारण सारखेच' येतात हे सिद्ध करायचं गणित आज हाताशी नाही. प्रश्न कोलाट्झच्या जातीचा आहे (सम आकडा निम्मा करा, विषमाची तिप्पट करून एक मिळवा, असं करत शेवटी १ येतोच का, हा न सुटलेला प्रश्न).

प्रश्न (एक वाचक, ठाणे): हे सगळं ठीक. रोजच्या कामात लूप संपेल याची खात्री कशी करायची?

उत्तर: लूपसाठी एक पूर्णांक शोधा, जो दर फेरीला किमान एकाने कमी होतो आणि शून्याखाली जाऊ शकत नाही. सापडला की काम झालं. नेस्टेड लूपला (लूपच्या आत लूप) असे दोन आकडे जोडीने लावा: बाहेरचा घटला तर आतल्याला वाढायची मुभा.

धोका असतो तो प्रकारांच्या मर्यादेत. 'आय शून्याहून मोठा किंवा शून्याइतका आहे तोवर एक वजा कर' हा लूप साध्या इंटिजरवर संपतो. आय ३२ बिटी अनसाइन्ड (उणे आकडे नसलेल्या प्रकारचा) असेल तर ० मधून १ वजा झाल्यावर येतात ४,२९,४९,६७,२९५, अट कायम खरी राहते आणि लूप संपत नाही. कंपायलर इशारा देऊ शकतो, फक्त त्याच्या वॉर्निंग चालू ठेवा.

दुसऱ्यांचा कोड चालवायचा असेल तर पारखी शोधण्यापेक्षा नियम कडक करा. लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) ईबीपीएफ, म्हणजे त्यात बाहेरून घालायचे छोटे प्रोग्रॅम, चढवताना व्हेरिफायर हा तपासनीस आधी सगळ्या वाटा तपासतो. ५.३ आवृत्तीपर्यंत मागे उडी मारणारे लूपच चालत नसत, तेव्हापासून मर्यादा सिद्ध होणारे चालतात. तपासणीत १० लाख सूचनांची हद्द ओलांडली की प्रोग्रॅम परत. असे कितीतरी बिनधोक प्रोग्रॅमही परत येतात, पण ते चालतं, कारण तिथे 'माहीत नाही' म्हणजे 'नको'. इथेरियम या ब्लॉकचेनवर प्रत्येक सूचनेला गॅस, म्हणजे ठरावीक शुल्क, मोजावा लागतो, संपला की व्यवहार रद्द आणि खर्च झालेला गॅस परत मिळत नाही.

टाइमआउट लावत असाल तर एरर मेसेजमध्ये 'अनंत लूप' असं लिहू नका. 'दिलेल्या २ सेकंदांत पूर्ण झाला नाही' असं लिहा. सिम्युलेटरला तेवढंच कळलेलं असतं.